झाकल्या मुठीचा हक्क

गेल्या पावसाळ्यात आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एका तरुण सभासदाने प्रस्ताव मांडला. रविवारच्या मिस्सेत अर्पणाच्या वेळी फिरणारी थाळी बंद करावी, तिच्या जागी प्रत्येक बाकाच्या टोकाला मोबाइलवरून पैसे भरण्याचा क्यूआर कोड लावावा, आणि महिनाअखेरीस कोणत्या कुटुंबाने किती दिले याची यादी चर्चच्या दाराशी फलकावर लावावी, असा तो प्रस्ताव होता. तरुण सालस आहे, शिकलेला आहे, चर्चच्या कामाला हाक मारली की धावून येतो. चिल्लर मोजण्यात खजिनदाराची रविवारची दुपार जाते, फाटक्या नोटांचे काय करावे हा प्रश्न पडतो, हिशेबात दहा-पाच रुपयांचा घोळ होतो, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी तो म्हणाला, "फादर, ज्याला काही लपवायचे नाही त्याने भ्यायचे कशाला?"

बैठकीत कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. कारण हेच वाक्य नोव्हेंबर २०१६ मध्ये माझ्या तोंडून बाहेर पडले होते आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली होती. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज या पानांवर देत आहे.

८३ नोटा

८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून पाचशे व हजाराच्या नोटा बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या. त्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, आमच्या धर्मग्रामातील एक मावशी माझ्या निवासाच्या मागल्या दाराने आल्या. वालाची पाटी, पांढऱ्या कांद्याच्या माळा, सुकी मासळी, जे हाती लागेल ते डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी ही कष्टाळू बाई. पदराआडून त्यांनी एक डबा काढला. अकरा वर्षे तो तांदळाच्या कणगीत दडवलेला होता. आत पाचशेच्या ८३ नोटा होत्या, एकूण ४१,५०० रुपये. मुलीचे लग्न २० नोव्हेंबरला, ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारी ठरले होते. पुढच्या रविवारपासून आगमनकाळ लागत होता. वेदीवरून दोन पुकारण्या झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती.

"फादर, एवढे बदलून द्या. पण आमच्या ह्यांना कळता कामा नये."

'ह्यांना' का कळता कामा नये, हे गावात कोणाला सांगावे लागत नव्हते. त्यांच्या हाती पडलेला पैसा संध्याकाळच्या आत कोणत्या दुकानात जातो हे सर्वांना ठाऊक होते. ते पैसे चर्चच्या पैशांत मिसळून बदलणे नियमाला धरून झाले नसते, आणि मी ते केले नाही. त्याबद्दल आजही मला खंत वाटत नाही. खंत आहे ती मी जे बोललो त्याची. मी म्हणालो, "मावशी, कष्टाचे पैसे आहेत. सरळ बँकेत भरा. आपल्याला लपवायचे काय?"

मावशींनी फादरचे ऐकले. दोन दिवस रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या नावाचे खाते गावातल्या शिबिरात उघडले गेले होते. अर्जात मोबाइल नंबर हवा होता, आणि घरात मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. मावशी बँकेतून घरी पोहोचण्यापूर्वी संदेश पोहोचला होता: आपल्या खात्यात ४१,५०० रुपये जमा. पुढे काय झाले ते मी लिहीत नाही; ज्या घरांत असे घडते त्यांना ते सांगावे लागत नाही. लग्न ठरल्या दिवशी लागले, पण जेवण उधारीचे होते, आणि आईने मनात योजलेले सोन्याचे मणी मुलीच्या गळ्यात नव्हते.

चूक कोणाची? बँकेतल्या कारकुनाने नियम पाळला. संदेश पाठवणारी व्यवस्था खातेदाराच्या रक्षणासाठीच केलेली. मीही माझा नियम पाळला. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि एका बाईचे अकरा वर्षांचे स्वातंत्र्य एका दुपारीत संपले. तिला लपवायचे होतेच, वाचकहो. करापासून लपवायचे नव्हते, कायद्यापासून लपवायचे नव्हते. भुकेल्या घरातल्या एका माणसापासून लेकीचे लग्न वाचवायचे होते.

खर्चाचा जाब

त्या दिवसांची आठवण आता पुसट होत चालली आहे, म्हणून काही गोष्टी पुन्हा लिहून ठेवाव्याशा वाटतात. बाद झालेल्या नोटा देशातील एकूण चलनाच्या मूल्याने सुमारे ८६ टक्के होत्या. आरंभी एटीएममधून दिवसाला दोन हजार रुपये काढता येत. बँकेतून आठवड्याला आधी वीस हजार, मग चोवीस हजार. नोटा बदलणाऱ्याच्या बोटाला मतदाराच्या बोटाला लावतात तशी शाई लावण्यात आली. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. अलिबागला मुख्यालय असलेली आपल्या जिल्ह्याची बँकही त्यातून सुटली नाही. शेतकऱ्याचे आणि गावच्या सोसायटीचे खाते जिथे, नेमके तेच दार बंद झाले.

लग्नघरांसाठी अडीच लाखांची सवलत जाहीर झाली. मात्र त्यासाठी लग्नपत्रिका दाखवायची होती आणि पैसे कोणाकोणाला द्यायचे याची यादी जोडायची होती. दहा हजार व त्यावरील रोख रकमेसाठी तर घेणाऱ्याचे बँकेत खाते नाही असे त्याच्याकडून लिहून आणायचे होते. मंडपवाला, बँडवाला, आचारी यांची नावे सरकारदरबारी देऊन आपल्याच पैशाने आपल्या लेकीचे लग्न करायचे! १९ डिसेंबरला फर्मान निघाले की पाच हजारांहून अधिक जुन्या नोटा भरणाऱ्याने इतके दिवस का भरल्या नाहीत याचा खुलासा बँकेच्या दोन अधिकाऱ्यांसमोर करावा; दोनच दिवसांनी ते मागे घ्यावे लागले. ज्याने दिलेल्या मुदतीवर विश्वास ठेवला, त्यालाच आरोपीसारखे उभे करण्यात आले होते.

आणि निष्पत्ती काय? १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाद झाल्या होत्या; त्यांपैकी १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के, परत आल्याचे रिझर्व्ह बँकेनेच २०१८ साली सांगितले. ज्यांच्याकडे काळ्या पैशाचे ढीग होते त्यांना वाट सापडली. सापडली नाही ती कणगीतल्या डब्याला.

२ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने हा निर्णय वैध ठरवला. न्यायालयाचा निकाल मी मानतो. पण न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळे मत नोंदवले, की एवढे मोठे पाऊल केंद्र सरकारला उचलायचे होते तर ते संसदेत कायदा करून उचलायला हवे होते. ते एकटे मतही आपण विसरू नये.

चोर लपवतो, अब्रूदार झाकतो

आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. चोर लपवतो, अब्रू असलेला माणूस झाकतो. अंग आपण झाकतो, त्यात गुन्हा नसतो. घराला दार असते, पत्राला पाकीट असते. पापनिवेदनाच्या जागी धर्मगुरू आणि पापी यांच्यामध्ये जाळी असते, आणि तिथे ऐकलेला शब्द प्राण गेला तरी बाहेर काढायचा नसतो. जिथे काहीच झाकता येत नाही अशा जागेला आपण तुरुंग म्हणतो.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दान गुप्तपणे करायला सांगितले. आपल्याच एका हाताने केलेले दुसऱ्या हाताला कळू नये, इतके गुप्त. संत निकोलसची कथा लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली आहे: तीन मुलींच्या गरीब बापाला लाज वाटू नये म्हणून त्याने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली टाकली. आज संत निकोलस असता तर त्याची रक्कम, वेळ आणि नाव तिसऱ्याच कोणाच्या तरी नोंदवहीत गेले असते, आणि त्या बापाला अंधारात हुंदका देण्याचीही सोय उरली नसती. ज्याला दान घ्यावे लागते त्याची अब्रू हाही दानाचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या मजुरीबद्दल लिहिताना मजुरी मिळवण्याच्या हक्काबरोबर ती आपल्या इच्छेप्रमाणे खर्च करण्याचा हक्कही मानला, आणि माणूस हा राज्यसंस्थेच्या आधीचा आहे असे बजावले. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली सांगितले की जे काम व्यक्ती वा छोटा समूह करू शकतो ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली माणसाच्या मूलभूत हक्कांची यादी करताना अन्न, वस्त्र, निवारा यांच्या सोबतीने खासगी जीवनाच्या रक्षणाचा हक्क मांडला. आपल्या देशातही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

कैसराचे नाणे हातात घेऊन प्रभूने जे उत्तर दिले त्याचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की पैसा सरकारचाच आहे. नाण्यावर कैसराचा मुखवटा होता हे खरे. म्हणून कर द्यावा, पूर्ण द्यावा, हसतमुखाने द्यावा. पण नाणे ज्या हातात आहे त्या हातावर देवाची प्रतिमा आहे. कर कैसराचा, तो दिल्यावर उरलेल्या चार पैशांत कोणी औषध घेतले, कोणी नातवाला खाऊ घेतला, कोणी माहेरी भावाला गुपचूप पाठवले, हे कैसराने विचारू नये.

खोताची वही

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्या आज्या-पणज्यांनी खोताची वही पाहिली आहे. पावसाळ्यात घरातले भात संपले की कूळ खावटी आणायला जाई. कोणी किती नेले, का नेले, घरी पाहुणे किती, बारशाला खर्च किती, हे सगळे खोताला ठाऊक असे, आणि ज्याच्या हातात वही त्याच्याच हातात कूळ. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते ओसाड ठेवली, ती काही हौसेने नव्हे. आपले खाणे-पिणे दुसऱ्याच्या वहीत असले की मान ताठ राहत नाही, हे त्यांना कळले होते.

त्या लढ्याच्या पाठीशी उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचेही पंडित होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात त्यांनी चलनाचे मोल राखण्याचे काम चलन काढणाऱ्या सत्तेच्या मर्जीवर सोडण्यास विरोध केला होता. चार वर्षांनी याच माणसाने महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सार्वजनिक होते, पण त्याला हात कोणी लावायचा हे दुसरे ठरवत होते. पैशाचे तळेही तसेच आहे. त्याच महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. म्हणजे या देशाच्या नोटेवरील सहीचा मान आपल्या मातीला मिळालेला आहे. नोटेवर गव्हर्नर धारकाला रक्कम देण्याचे वचन देतो. धारकाला, म्हणजे जो हातात धरील त्याला. त्याचे नाव, गाव, जात, धर्म, खर्चाचे कारण, यांतले काहीही ते वचन विचारत नाही. या एका गोष्टीत नोट ही आपल्या समाजापेक्षा अधिक समतावादी आहे.

उजेड कोणावर?

पारदर्शकतेच्या नावाने हे सारे चालले आहे असे सांगतात. मग ती पारदर्शकता कोणापाशी थांबते ते पाहू. नोटाबंदीला तीन महिने होत नाहीत तोच, १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची योजना जाहीर झाली. त्या योजनेत कंपन्यांनी आणि धनिकांनी राजकीय पक्षांना कोट्यवधी रुपये द्यायचे आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळू नये अशी तजवीज होती. मावशींच्या ४१,५०० रुपयांचा खुलासा हवा. कोट्यवधींच्या रोख्यांना मात्र गुप्ततेचे संरक्षण! सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली, तोवर त्या पडद्याआड कित्येक निवडणुका पार पडल्या होत्या. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातही केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला सूट देण्याची वाट ठेवलेली आहे. घराच्या भिंती काचेच्या कराव्यात असे जो सांगतो, त्याने आधी आपल्या कचेरीचे पडदे काढावेत.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने मोबाइलवरून जमा झालेल्या रकमांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याकडे २९ लाख रुपयांची मागणी झाली. ताज्या भाजीवर तर तो करच नाही. बंगळूरच्या कितीतरी दुकानदारांनी क्यूआर कोडचे फलक उतरवून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. जो कर लागतो तो बुडवू नये, हे मी वेदीवरून सांगतो आणि इथेही सांगतो. पण सोयीसाठी उघडलेली खिडकी उद्या चौकशीची खिडकी होते, हा धडा त्यातून घ्यावाच लागेल.

अटी घातलेला रुपया

आतापर्यंत आपण पाहण्याविषयी बोललो. आता अडवण्याविषयी. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. पहिल्या चार शहरांत आपली मुंबई होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेने सांगितले, की या रुपयाला अटी जोडता येतील: ठराविक कामासाठीच खर्च होईल, ठराविक मुदतीत किंवा ठराविक प्रदेशातच चालेल असा रुपया. हेतू चांगला असेल. शिष्यवृत्तीचे पैसे पुस्तकांवरच जावेत, अनुदान खतावरच जावे. पण ज्याला 'इथेच चालेल' म्हणता येते त्याला 'तिथे चालणार नाही' म्हणणेही येते. ऑगस्ट २०२४ पासून आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. काही बँकांनी ते थकलेल्या दंडापोटी आणि हप्त्यांपोटी परस्पर कापून घेतले, तेव्हा कापू नका असे शासनाला सांगावे लागले. हातात पडलेली नोट अशी परस्पर कोणाला कापता येत नाही.

हे भय काल्पनिक आहे असे म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील सरकारने ओटावातील निदर्शकांची बँक खाती न्यायालयाच्या आदेशाविना गोठवली. निदर्शकांचे म्हणणे मला पटत होते असे नाही. तेथील संघीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो आणीबाणीचा अवलंब अवाजवी ठरवला, पण गोठलेल्या दिवसांचे दूध आणि औषध कोणी परत दिले नाही. आपल्याकडेही २०२१ च्या ऐन नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या भगिनींच्या संस्थेच्या परदेशी देणग्यांच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. जानेवारी २०२२ मध्ये परवाना पुन्हा मिळाला. मधल्या दिवसांत कोणत्या परवानगीच्या धाग्यावर अनाथांची भाकरी लोंबकळते हे सर्वांना दिसले. तो धागा उद्या प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत यावा काय?

वीज गेली तेव्हा

तत्त्वाची गोष्ट बाजूला ठेवली तरी किनाऱ्याचा अनुभव आपल्यापाशी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत कौले, ताडपत्री, मेणबत्ती आणि तांदूळ कशावर मिळाले? ज्याच्या घरात चार नोटा होत्या त्याला ते मिळाले, आणि त्याच्याकडून शेजाऱ्याला उसने मिळाले. खात्यात लाख असलेला माणूस त्या आठवड्यात कफल्लक होता. रोकड जवळजवळ विसरलेल्या स्वीडनने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघर वाटलेल्या संकटकाळाच्या पुस्तिकेत घरी थोडी रोकड ठेवण्याचा सल्ला नागरिकांना दिला. आपल्या आज्यांना हे पुस्तिकेविना ठाऊक होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

विरोधी पक्षाचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये, असे आम्हाला सेमिनरीत शिकवले. रोकड चोरीला जाते, खरे. लाच रोखीने दिली जाते, जमिनीच्या व्यवहारात निम्मा पैसा पिशवीतून फिरतो, हेही खरे. अलिबाग तालुक्यात जमिनीचे भाव आभाळाला भिडल्यापासून हे आपण जवळून पाहतो आहोत. म्हणून एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख घेण्यास कायद्याने बंदी आहे. त्या बंदीला माझी हरकत नाही. मोठ्या रकमांवर उजेड जरूर पाडा. माझे भांडण आहे ते पाटीवाल्या बाईच्या बटव्यात बॅटरी मारण्याशी.

बँक सुरक्षित आहे, असेही सांगतात. बहुतांशी ती आहे. मीही चर्चचे पैसे बँकेतच ठेवतो. पण पेण अर्बन बँक २०१० साली बुडाली तेव्हा निवृत्तीची पुंजी गमावलेली माणसे याच जिल्ह्यातली होती, आणि पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला तेव्हाही. सगळी अंडी एका टोपलीत ठेवायला लावणे, आणि टोपलीची दोरी दुसऱ्याच्या हाती देणे, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

मोबाइलवरून पैसे देणे सोयीचे आहे. कुवेतहून लेक पैसे पाठवते आणि क्षणात आईला मिळतात, यात मला आनंदच आहे. सोय असावी, सक्ती नसावी. माझी मागणी एवढीच आहे, की रोख देणाऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी खिडकीला, शाळेला, दवाखान्याला नसावा. खात्यातील नोंदी पाहायच्या असतील तर आधी न्यायालयासमोर कारण सांगावे. आणि अटी घातलेला रुपया कोणाच्याही मजुरीत, निवृत्तिवेतनात, साठवलेल्या पुंजीत शिरू नये. आपल्या आमदार-खासदारांना मते मागायला आल्यावर हे विचारा.

आरंभ आपल्या घरापासून

आता त्या प्रस्तावाकडे वळतो. सरकारला जे सांगायचे ते आधी स्वतः पाळले पाहिजे, आणि येथे आम्हा धर्मगुरूंचे हात स्वच्छ नाहीत. कोणी पंख्याचे दान दिले, कोणी घंटेचे, हे संगमरवरावर कोरून भिंतीला लावण्याची हौस आपल्यालाच आहे. सणाच्या वर्गणीची यादी वेदीवरून रकमेसकट वाचली गेली आहे. मीही ती वाचली आहे. मागच्या बाकावर बसून आपले नाव येण्याआधी मान खाली घालणारी माणसे मला वरून दिसत होती, तरी मी वाचत राहिलो. मंदिरात दोन दमड्या टाकणारी विधवा प्रभूला दिसली, कारण तो प्रभू होता. तिचा आकडा फलकावर लागला असता तर ती बिचारी पुन्हा मंदिरात आली नसती.

आणि दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. झाकण्याचा हक्क दुबळ्या माणसाचा आहे, संस्थेचा नाही. चर्चमध्ये आलेला पैसा कोठे गेला, छपराला किती, शाळेला किती, फादरच्या जेवणाला किती, याची पै न पै लोकांसमोर मांडली पाहिजे. देणाऱ्याचे नाव झाकलेले असावे, घेणाऱ्याचा हिशेब उघडा असावा. सरकारला मी जे मागतो तेच हे आहे. फक्त घर आपले आहे.

म्हणून कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत मी पुढीलप्रमाणे सुचवले आणि ते मान्य झाले. थाळी फिरत राहील. ज्यांना मोबाइलवरून द्यायचे आहे त्यांच्यासाठी दाराशी एकच क्यूआर कोड असेल, बाकाशी नाही. कुटुंबवार यादी लागणार नाही. वर्षाचा पूर्ण जमाखर्च मात्र लागेल, आणि तो तयार करण्याचे काम त्याच तरुणाकडे दिले आहे. त्याने ते आनंदाने घेतले. चिल्लर मोजायला रविवारी दुपारी मीही खजिनदारासोबत बसतो.

संत अंतोनीच्या पुतळ्याखालची गरिबांची पेटी होती तिथेच आहे. मावशी अजून येतात, मिस्सा सुरू होण्याआधी, चर्च रिकामे असताना. पदराची गाठ सोडतात, मूठ पेटीच्या फटीशी नेतात आणि उघडतात. किती टाकतात ते मला माहीत नाही. मी तिकडे पाहत नाही.